मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं स्क्रीनिंग: पत्रकातली ही पाच वाक्यं बरोबर आहेत का?

चौकस
४५ ते ७५ वयाच्या, पोटाची कसलीही तक्रार नसलेल्या लोकांसाठी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या स्क्रीनिंगचं एक पानी पत्रक तयार करायचं आहे. वयाचा आधार म्हणून अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाची २०२१ची शिफारस घेतली आहे. त्या वर्षी त्यांनी सुरुवातीचं वय ५०वरून ४५वर आणलं. स्क्रीनिंग का, याबद्दल फार शंका नाही. बहुतेक कर्करोग आधी साध्या पॉलिपच्या, म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरावरच्या छोट्या वाढीच्या, रूपात असतात, त्यांचा कर्करोग व्हायला साधारण दहा वर्षं किंवा जास्त लागतात, आणि तेवढ्या काळात पॉलिप काढून टाकता येतो. अडचण तपशिलांची आहे. मसुद्यातली ही पाच वाक्यं जशीच्या तशी देतो. (एफआयटी म्हणजे शौचातलं रक्त शोधणारी चाचणी, कोलोनोस्कोपी म्हणजे दुर्बीण घालून मोठं आतडं आतून पाहणं.) जाणकारांनी बिनदिक्कत चिरफाड करावी.

१. एफआयटी ही शौचाची चाचणी प्राथमिक स्वरूपाची आहे. शक्य असल्यास थेट कोलोनोस्कोपी करावी.
२. एफआयटी पॉझिटिव्ह आली आणि मूळव्याध असेल तर आधी तिच्यावर उपचार घेऊन एफआयटी पुन्हा करावी.
३. कोलोनोस्कोपीच्या आदल्या रात्री पोट साफ करण्याचं सगळं औषध पिऊन झोपावं.
४. कोलोनोस्कोपी नॉर्मल आली की दहा वर्षं चिंता नाही.
५. शौचाचा नमुना द्यायला संकोच वाटत असेल तर रक्तातली सीईए चाचणी करून घ्यावी.

सूक्ष्मदर्शक
दोन आणि पाच ही वाक्यं तशीच छापली तर पत्रक न काढलेलं बरं. एकवर दुर्बीणवाले बोलतीलच, मी प्रयोगशाळेच्या बाजूचं लिहितो.

आधी पाच नंबर, कारण ते लवकर संपतं. सीईए ही स्क्रीनिंगची चाचणी नाही. कर्करोगाचं निदान झालेल्या रुग्णात उपचारांचा परिणाम आणि रोग उलटतो का हे पाहायला ती वापरतात. सुरुवातीच्या टप्प्यातल्या अनेक गाठींमध्ये सीईए नॉर्मल असते, पॉलिपमध्ये तर बहुधा असतेच, आणि उलट धूम्रपान करणाऱ्यांत, यकृताच्या किंवा आतड्याच्या दाहात ती विनाकारण वाढलेली दिसते. तपासण्यांच्या पॅकेजमध्ये ती घुसवलेली असते म्हणून लोकांना वाटतं आपलं आतडं तपासून झालं. स्क्रीनिंगसाठीच्या नव्या रक्तचाचण्या वेगळ्या, त्या रक्तातल्या डीएनएच्या तुकड्यांवर चालतात. त्यातल्या एकीच्या मोठ्या अभ्यासात कर्करोग ८३ टक्के पकडले गेले, पण कर्करोगापूर्वीचे धोकादायक पॉलिप फक्त १३ टक्के. म्हणजे रोग झाल्यावर सापडेल, होण्याआधी क्वचितच.

आता दोन नंबर. एफआयटी शौचातलं मानवी ग्लोबिन, म्हणजे हिमोग्लोबिनमधलं प्रथिन, प्रतिपिंडाच्या मदतीने शोधते. जठर किंवा लहान आतड्याच्या वरच्या भागातून रक्त आलं तर ग्लोबिन वाटेतच पचून जातं, म्हणून ही चाचणी प्रामुख्याने मोठ्या आतड्यातल्या रक्ताबद्दल बोलते. त्याच कारणाने खाण्याची पथ्यं लागत नाहीत. शौचातलं रक्त शोधणारी जुनी ग्वायाक चाचणी हीमच्या (हिमोग्लोबिनमधल्या लोहयुक्त भागाच्या) रासायनिक क्रियेवर चालायची. तिच्यात लाल मांसाने खोटं पॉझिटिव्ह, क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी खोटं निगेटिव्ह येई, आणि तीन वेगवेगळ्या शौचांचे नमुने द्यावे लागत. दवाखान्यात बोटाने तपासताना मिळालेल्या एका नमुन्यावर ग्वायाक करून 'स्क्रीनिंग झालं' म्हणणं तर अगदीच चूक.

पॉझिटिव्ह आल्यावर एफआयटी पुन्हा का करू नये? पॉलिप रोज रक्त गाळत नाहीत. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तुलनेत एका एफआयटीने कर्करोग ७४ टक्के पकडले, पण पुढच्या टप्प्यातले पॉलिप फक्त २४ टक्के. आता असा पॉलिप असलेले शंभर जण घ्या आणि पहिल्या वेळी पॉझिटिव्ह आलेल्यांची चाचणी पुन्हा करा. त्यातल्या पुष्कळांची दुसरी निगेटिव्ह येईल आणि पॉलिप तिथेच असेल. दुसरा निकाल पहिल्याला खोडत नाही. मूळव्याध असणं आणि पॉलिप असणं यांचं एकमेकांशी वाकडं नाही, दोन्ही एकाच माणसात सुखाने नांदतात. म्हणून पॉझिटिव्ह एफआयटीचं उत्तर एकच, कोलोनोस्कोपी. आणि तीही 'सवडीने' नाही. पॉझिटिव्ह एफआयटीनंतर दहा महिन्यांहून जास्त उशीर झालेल्यांत कर्करोगाचं आणि पुढच्या टप्प्यातल्या कर्करोगाचं प्रमाण वाढलेलं दिसलं आहे. दोन-तीन महिन्यांच्या आत तारीख मिळवा.

मूळव्याधीचा विचार नमुना देण्याच्या आधी करायचा. निदान झालेल्या मूळव्याधीतून उघड रक्त पडत असेल, मासिक पाळी चालू असेल किंवा लघवीतून रक्त जात असेल तर थांबावं, आणि ते बंद झाल्यावर तीन दिवस जाऊ द्यावेत. ॲस्पिरिन किंवा वेदनाशामकं चाचणीसाठी थांबवायची गरज नाही.

नमुना घेताना होणाऱ्या चुका पत्रकात जरूर घाला, अर्धी पत्रकं इथेच गप्प असतात. शौच पाण्यात पडू द्यायचं नाही; शौचकूपातलं पाणी आणि साफसफाईची रसायनं दोन्ही रक्त धुऊन टाकतात. कागद पसरून किंवा टाकाऊ डब्यात ते झेलावं, लघवी त्यात मिसळू नये. नळीच्या झाकणाला जो दांडा असतो त्याच्या टोकाला खाचा असतात. तो दांडा शौचाच्या पृष्ठभागावर पाच-सहा वेगवेगळ्या ठिकाणी घासायचा, फक्त खाचा भरल्या की पुरे. लोकांना वाटतं जास्त दिलं तर तपासणी चांगली होईल, आणि चमच्याने नळी भरून आणतात. आत मोजून भरलेलं द्रव असतं. बऱ्याच नळ्यांमध्ये १० मिलिग्रॅम नमुना २ मिलीमध्ये, असं प्रमाण असतं. ते बिघडलं की आकडा निरर्थक. एकदा झाकण बसवलं की नळी पुन्हा उघडायची नाही. पातळ जुलाब होत असताना खाचांत नमुना टिकत नाही, तेव्हा ते दिवस जाऊ द्या.

नळीवर नमुना घेतल्याची तारीख हवीच. उष्णतेने हिमोग्लोबिन विघटित होतं आणि खरं पॉझिटिव्ह खोटं निगेटिव्ह होतं. इटलीतल्या फ्लोरेन्सच्या कार्यक्रमात उन्हाळ्यात पॉझिटिव्हचं प्रमाण घटलेलं नोंदलं गेलं होतं. तापलेल्या गाडीत नळी दिवसभर ठेवणं म्हणजे नमुना उकळणं. त्याच दिवशी पोचवता येत नसेल तर बंद पिशवीत घालून फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांवर. फ्रीझरमध्ये नाही.

निकालावर नुसतं 'पॉझिटिव्ह/निगेटिव्ह' असेल तर आकडा मागा. पुष्कळ ठिकाणी मर्यादा एक ग्रॅम शौचामागे २० मायक्रोग्रॅम हिमोग्लोबिन अशी असते. काही यंत्रं हाच आकडा १०० नॅनोग्रॅम प्रति मिली असा दाखवतात. वर दिलेल्या १० मिलिग्रॅम-२ मिली प्रमाणाने मांडून पाहा, दोन्ही एकच आहेत. कागद बदलला की आकडा पाचपट झाला म्हणून घाबरणारे बरेच असतात.

दुर्बीणवाला
सूक्ष्मदर्शकांच्या प्रत्येक शब्दाला +१. दोन नंबरच्या वाक्याने जेवढं नुकसान होतं तेवढं बाकी चार मिळून होणार नाही.

वाक्य एकमध्ये 'प्राथमिक' हा शब्द काढा. त्याने एफआयटी म्हणजे गरिबाची कोलोनोस्कोपी असा सूर लागतो. स्पेनमध्ये ५७ हजारांहून जास्त लोकांवर झालेल्या कोलोनप्रेव्ह चाचणीत एका गटाला एकदाच कोलोनोस्कोपीचं आणि दुसऱ्याला दर दोन वर्षांनी एफआयटीचं आमंत्रण दिलं. दहा वर्षांनंतर या कर्करोगाने झालेले मृत्यू पहिल्या गटात ०.२२ टक्के आणि दुसऱ्यात ०.२४ टक्के. फरक नगण्य. मोठं कारण असं की एफआयटीच्या गटात जास्त लोक प्रत्यक्षात आले. शौचाच्या चाचणीने मृत्यू घटतात हे त्याच्याही आधी, अमेरिकेतल्या मिनेसोटा इथल्या चाचणीत १९९३ सालीच दिसलं होतं, तेही जुन्या ग्वायाक चाचणीने. दरवर्षी चाचणी दिलेल्या गटात मृत्यू ३३ टक्क्यांनी कमी होते.

तेव्हा वाक्य असं करा: एफआयटी दरवर्षी (काही देशांच्या कार्यक्रमात दर दोन वर्षांनी), किंवा नॉर्मल आल्यास कोलोनोस्कोपी दहा वर्षांतून एकदा, जी तुम्ही खरोखर वेळेवर कराल ती निवडा. एफआयटीची सगळी ताकद पुन्हा पुन्हा करण्यात आहे. यंदा न सापडलेला पॉलिप पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या वर्षी रक्त गाळतो. एकदा निगेटिव्ह आली म्हणून पाच वर्षं झोपणाऱ्याने अर्धवट स्क्रीनिंग केलं असं म्हणायला हरकत नाही. कोलोनोस्कोपी नॉर्मल असेल तर मधल्या वर्षांत हौसेने एफआयटी करू नका, तिने खोटी पॉझिटिव्हच वाढतात.

सीटी कोलोनोग्राफी, म्हणजे सीटी स्कॅनने मोठ्या आतड्याची चित्रं घेणं, हा तिसरा पर्याय, दर पाच वर्षांनी. तिच्यातही पोट साफ करावं लागतं, आणि ६ मिलिमीटर किंवा मोठा पॉलिप दिसला की कोलोनोस्कोपी आलीच. हृदय-फुफ्फुसांच्या त्रासामुळे भूल धोक्याची असेल किंवा दुर्बीण शेवटपर्यंत जात नसेल, तिथे ती कामाची.

चार नंबरचं वाक्य अर्धवट खरं आहे. दहा वर्षं हे आश्वासन चांगल्या कोलोनोस्कोपीचं आहे, कुठल्याही कोलोनोस्कोपीचं नाही. पाठोपाठ दोनदा दुर्बीण घालून केलेल्या अभ्यासांत पहिल्या वेळी साधारण चारातला एक ॲडिनोमा (कर्करोगात बदलू शकणारा पॉलिप) सुटलेला आढळला. बहुतेक लहान असतात, पण सगळे नाही. सुटतात कुठे? घड्यांच्या मागे, आणि उजव्या बाजूला. तिथले दातेरी पॉलिप सपाट असतात, रंगाने आजूबाजूसारखेच, वर श्लेष्म्याचा पातळ थर. घाईत नजर त्यावरून घसरते.

म्हणून अहवालात चार गोष्टी शोधायला लोकांना शिकवा. पहिली, दुर्बीण सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या टोकापर्यंत, पोचली का. नुसतं 'पोचली' असं लिहून भागत नाही, अपेंडिक्सचं तोंड आणि लहान-मोठ्या आतड्यामधली झडप यांचे फोटो हवेत. दुसरी, पोट किती साफ होतं. बोस्टन मापनात आतड्याचे तीन भाग करून प्रत्येकाला ० ते ३ गुण देतात. प्रत्येक भागाला किमान २ हवेत. एकूण ६ गुण आहेत पण उजव्या भागाला ० आणि बाकी दोघांना ३-३, तर ती तपासणी पुरी झालेली नाही. तिसरी, बाहेर येतानाचा वेळ. आतडं तपासलं जातं ते प्रामुख्याने दुर्बीण मागे घेताना, आणि काहीही न सापडलेल्या तपासणीत तो वेळ किमान सहा मिनिटं हवा. अलीकडे आठ मिनिटं धरतात. चौथी, पॉलिप सापडला असेल तर जागा, आकार मिलिमीटरमध्ये, काढायची पद्धत, आणि तुकडा हाती लागला का.

तपासणी ठरवण्याआधी विचारायचा एकच प्रश्न असेल तर तो ॲडिनोमा सापडण्याच्या दराचा. स्क्रीनिंगसाठी आलेल्या दर शंभरांतल्या किती जणांत हे डॉक्टर किमान एक ॲडिनोमा शोधतात? २५ हा खूप वर्षं किमान मानला गेला. हा दर एका टक्क्याने वाढला की दोन तपासण्यांच्या मधल्या काळात कर्करोग निघण्याची शक्यता साधारण ३ टक्क्यांनी घटते, असं २०१४च्या मोठ्या अभ्यासात दिसलं. प्रश्न विचारल्यावर समोरचा चिडला तर तेही एक उत्तरच आहे.

धोकेही लिहा, लपवू नका. स्क्रीनिंगच्या दर १०,००० कोलोनोस्कोपींमागे साधारण ३ वेळा आतड्याला छिद्र पडतं आणि सुमारे १५ वेळा गंभीर रक्तस्राव होतो. वय वाढतं तसे दोन्ही वाढतात. म्हणूनच ७५नंतर सरसकट शिफारस नाही. ७६ ते ८५मध्ये तब्येत आणि आधीच्या तपासण्या पाहून ठरवायचं.

रात्रपाळी
तीन नंबरच्या वाक्यावर मी बोलते. 'सगळं औषध रात्री पिऊन झोपा' यानेच उजव्या बाजूचे गुण जातात. रात्री पोट साफ झालं तरी पहाटेपर्यंत लहान आतड्यातून पित्त आणि चिकट स्राव खाली उतरत राहतात, आणि त्यांचा पहिला मुक्काम उजव्या भागात. सकाळी तिथे पिवळट लेप बसलेला असतो आणि दुर्बीणवाल्यांचे सपाट पॉलिप नेमके त्याच्याखाली. म्हणून औषध दोन हप्त्यांत द्यायचं: अर्धं आदल्या संध्याकाळी, अर्धं तपासणीच्या चार ते सहा तास आधी सुरू करून किमान दोन तास आधी संपवायचं. सकाळी ९ची वेळ असेल तर पहाटे ४चा गजर. लोक कुरकुरतात. दुपारची वेळ मिळत असेल तर दोन्ही हप्ते सकाळीच घेता येतात, झोपही होते.

औषध कोणतं तेही महत्त्वाचं. पॉलिएथिलीन ग्लायकॉल क्षारांसह, म्हणजे पेग, हे सर्वांत सुरक्षित, कारण ते शरीरात जवळजवळ शोषलं जात नाही. प्रकारानुसार एकूण दोन ते चार लिटर. दर १०-१५ मिनिटांनी एक पेला, साधारण २५० मिली. गार करून, नळीने, जिभेच्या मागच्या बाजूला सोडत प्यायलं की चव कमी लागते. उलटी झाली तर अर्धा तास थांबून हळू गतीने पुन्हा सुरू करा, सोडून देऊ नका. पोट दगडासारखं फुगलं, जोरात दुखायला लागलं आणि शौचच होत नाही, अशा वेळी मात्र पुढचा पेला पिऊ नका, फोन करा. आतडं अडलेलं असू शकतं.

सोडियम फॉस्फेट मूत्रपिंडाला इजा करू शकतं. वयस्कर, मूत्रपिंडाचा आजार असलेले आणि लघवीच्या किंवा रक्तदाबाच्या ठराविक गोळ्या घेणारे, यांनी त्यापासून दूर राहावं. मॅनिटॉल वापरलं असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. आतड्यातले जंतू ते आंबवून हायड्रोजन तयार करतात, आणि विजेच्या उष्णतेने पॉलिप कापताना तो पेट घेऊ शकतो.

किती साफ झालं म्हणजे पुरे? शेवटी शौच लघवीसारखं पिवळसर आणि पारदर्शक हवं, आरपार तळ दिसला पाहिजे. तपकिरी गढूळ पाणी येत असेल तर 'किती वेळा गेलो' या आकड्याला अर्थ नाही. पंधरा वेळा जाऊनही पोट घाण असू शकतं. निघण्याआधी कळवा; जास्तीचा हप्ता देता येतो किंवा वेळ पुढे ढकलता येते. आतमध्ये पोचल्यावर हे कळलं तर सगळी मेहनत वाया जाते आणि वर्षाच्या आत तपासणी पुन्हा करावी लागते.

खाण्यापिण्याचं मोजकं लिहा. दोन-तीन दिवस आधीपासून बिया, साली, कोंडा, सुकामेवा आणि कच्च्या भाज्या बंद. बिया दुर्बिणीच्या शोषनळीत अडकतात आणि काम थांबतं. आदल्या दिवशी पारदर्शक द्रव: पाणी, गाळलेला फिका रस, दुधाशिवायचा चहा. लाल-जांभळं काही नको, आत ते रक्तासारखं दिसतं. नुसतं साधं पाणीच लिटरच्या लिटर पिऊ नका, रक्तातलं सोडियम उतरतं. साखर-मीठ असलेली द्रवं मधूनमधून घ्या.

गोळ्यांबाबत पत्रकात ठळक अक्षरात: स्वतःहून काहीही बंद करू नका, तारीख ठरतानाच पूर्ण यादी दाखवा. लोहाच्या गोळ्या पाच ते सात दिवस आधी थांबवतात, कारण त्या आतड्याला काळा चिकट थर देतात. रक्त पातळ करणाऱ्या औषधांचं वेळापत्रक ज्याचं त्याचं वेगळं. वॉरफरिन बहुधा पाच दिवस आधी, नवी औषधं एक-दोन दिवस आधी, ॲस्पिरिन बहुतेकदा चालूच. पण ज्यांना स्टेंट बसवलेला आहे त्यांचा निर्णय हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच. मधुमेहात नावाच्या शेवटी 'फ्लोझिन' असणाऱ्या गोळ्या तीन-चार दिवस आधी बंद कराव्या लागतात, नाहीतर उपाशीपोटी साखर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. इन्सुलिनची मात्रा त्या दिवसासाठी आधी लिहून घ्या. आणि औषध पिण्याच्या आगेमागे तासाभरात घेतलेली कुठलीही गोळी वाहून जाते, रक्तदाबाचीही.

बेरीजवजाबाकी
एक बाजू राहून गेली. २०२२ साली प्रसिद्ध झालेली नॉर्डिक चाचणी दाखवून 'कोलोनोस्कोपीचा उपयोग नाही' म्हणणारे तुमच्या पत्रकावर येतीलच. पोलंड, नॉर्वे आणि स्वीडनमधल्या सुमारे ८४,५०० लोकांचा तो अहवाल. आमंत्रण मिळालेल्यांत दहा वर्षांत कर्करोग ०.९८ टक्के, न मिळालेल्यांत १.२०. मृत्यूंतला फरक सांख्यिकीच्या निकषावर सिद्ध झाला नाही. पण आमंत्रितांपैकी प्रत्यक्ष तपासणी केली ४२ टक्क्यांनीच! मोजलं गेलं ते आमंत्रणाचं बळ. सगळे आले असते तर काय झालं असतं या अंदाजात कर्करोगातली घट १८वरून ३१ टक्क्यांवर जाते. तो अंदाज आहे, स्वतंत्र पुरावा नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. शिवाय पॉलिपपासून मृत्यूपर्यंतचा प्रवास लांब असतो, दहा वर्षं त्यासाठी कमीच.

दुसरं, एफआयटी पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग नाही, हे पत्रकात असू द्या. हिशेबापुरतं धरा: हजार जणांत पाच कर्करोग, चाचणी ८० टक्के पकडते आणि निरोगी शंभरांतल्या सहा जणांना उगाच पॉझिटिव्ह ठरवते. मग साधारण ६४ पॉझिटिव्ह येतील, त्यांत कर्करोग चार. उरलेल्या साठांतल्या बऱ्याच जणांकडे काढण्याजोगे पॉलिप निघतील, काहींकडे काहीच नाही. हे आधीच माहीत असेल तर माणूस घाबरून निकाल कपाटात ठेवत नाही.

चौकस
फार उपयोगी. मसुदा जवळजवळ पुन्हा लिहितो आहे. दोन शंका उरल्या. घरात कोणाला हा कर्करोग झाला असेल तर वय किती धरायचं? आणि पॉलिप निघाला तर पुढची तपासणी कधी?

दुर्बीणवाला
आई, वडील, भाऊ, बहीण किंवा मूल, यांच्यापैकी एकाला ६०च्या आत, किंवा कोणत्याही वयात दोघांना झाला असेल तर ४०व्या वर्षी सुरुवात, किंवा घरातल्या सर्वांत तरुण रुग्णाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, जे आधी येईल ते. भावाला ५२व्या वर्षी झाला तर ४०. बहिणीला ४४व्या वर्षी झाला तर ३४. अशांनी एफआयटीवर विसंबू नये, दर पाच वर्षांनी कोलोनोस्कोपी. एकाच नातेवाइकाला ६० किंवा त्यानंतर झाला असेल तर ४०ला सुरुवात, पण चाचणी आणि अंतर इतरांसारखंच.

घरात तरुण वयात आतड्याचा किंवा गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा कर्करोग पुन्हा पुन्हा दिसत असेल तर लिंच सिंड्रोमचा, म्हणजे या कर्करोगांचा धोका वाढवणाऱ्या आनुवंशिक दोषाचा, विचार करा. रुग्ण नातेवाइकाच्या गाठीचा जुना अहवाल काढून त्यात मिसमॅच रिपेअर (डीएनएतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या) प्रथिनांची तपासणी झाली होती का ते पाहा. एका कागदाने अख्ख्या घराचा प्रश्न सुटतो. एमएलएच१ किंवा एमएसएच२ या जनुकांत दोष असेल तर २० ते २५व्या वर्षापासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी लागते. मोठ्या आतड्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस (दीर्घकाळचा दाह) असणाऱ्यांचंही गणित निराळं, आजार सुरू झाल्यापासून आठ वर्षांनी तपासण्या चालू होतात.

आणि हे पत्रक ज्यांच्यासाठी नाही तेही लिहा. शौचातून रक्त, सवय अचानक बदलून काही आठवडे तशीच राहणं, कारणाशिवाय वजन उतरणं, पुरुषात किंवा पाळी गेलेल्या स्त्रीत लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया: यांनी स्क्रीनिंगच्या रांगेत उभं राहायचं नाही, थेट डॉक्टरांकडे जायचं. वय ३० असलं तरी.

सूक्ष्मदर्शक
पॉलिपनंतरचं अंतर बायोप्सीचा अहवाल ठरवतो, 'पॉलिप निघाला' एवढ्यावरून सांगता येत नाही. अमेरिकेतल्या २०२०च्या संयुक्त मार्गदर्शनानुसार १० मिलिमीटरपेक्षा लहान एक-दोन साधे ॲडिनोमा: सात ते दहा वर्षं. तसेच तीन-चार: तीन ते पाच वर्षं. पाच ते दहा, किंवा एकही १० मिलिमीटर वा मोठा, किंवा अहवालात व्हिलस (बोटांसारखी) रचना वा हाय ग्रेड डिस्प्लेझिया (पेशींतला जास्त तीव्र बिघाड): तीन वर्षं. दहाहून जास्त: एक वर्ष. २० मिलिमीटर किंवा मोठा पॉलिप तुकड्यातुकड्यांनी काढला असेल तर सहा महिन्यांत ती जागा पुन्हा पाहतात, कारण कडेला अंश राहिलेला असू शकतो. गुदाशयाजवळचे बारीक हायपरप्लास्टिक पॉलिप धोक्याचे धरत नाहीत, त्यांना दहा वर्षंच. 'डिस्प्लेझिया' शब्द वाचून हबकू नका, प्रत्येक ॲडिनोमात तो किमान लो ग्रेड असतोच.

रात्रपाळी
पत्रकाच्या मागच्या बाजूला घरी गेल्यानंतरचं चार ओळींत द्या. भूल दिली असेल तर २४ तास गाडी चालवायची नाही, सोबत माणूस हवा. वायूने पोट फुगणं काही तासांत उतरतं. वाढत जाणारी पोटदुखी, ताप, ताठर पोट, चक्कर किंवा गुठळ्यांसह रक्त असेल तर लगेच परत या, सकाळची वाट पाहू नका. पॉलिप काढल्याच्या जागेतून रक्त दोन आठवड्यांपर्यंत कधीही सुरू होऊ शकतं, तेव्हा दूरचा प्रवास त्या बेताने ठरवा. आणि एक रिकामी चौकट छापा: तपासणीची तारीख, बोस्टनचे तीन गुण, बायोप्सीचा निकाल, पुढच्या तपासणीचा महिना आणि वर्ष. ती भरलेली नसेल तर रुग्णाने निघण्याआधी तिथेच मागून घ्यावी. बायोप्सीचा निकाल यायला काही दिवस लागतात, ती ओळ तेवढी नंतर फोन करून भरायची.